पिचरचा भरवसा

क्रिकेटचा सामना सुरू होण्यापूर्वी आपल्याकडे खेळपट्टीची चर्चा होते. नाणेफेक कोण जिंकणार, चेंडू वळणार की नाही, ढग राहणार की ऊन पडणार, यावर चहाच्या टपरीवर वाद रंगतात. अमेरिकेत बेसबॉलच्या सामन्यापूर्वी लोक मुख्यतः एकाच माणसाविषयी बोलतात. आज चेंडू फेकायला कोण उभा राहणार, आणि तो टिकेल का? सामना सुरू झाल्यावरही हीच चर्चा पुढे चालू राहते. आता त्याला काढावे की ठेवावे? या वादाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातून संख्याशास्त्रातील काही अतिशय मूलभूत प्रश्न कसे पुढे आले, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. बेसबॉल न पाहिलेल्या वाचकांनी घाबरून जाऊ नये. लागेल तेवढाच खेळ आम्ही सांगू.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि प्रत्येक डावात तीन जण बाद व्हावे लागतात. म्हणजे पूर्ण सामन्यात २७ बाद. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्याकडे षटक संपले की दुसरा गोलंदाज येतो, तसे तेथे नाही. एक पिचर सलग फेकत राहतो आणि त्याला बाहेर काढले की तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. निर्णय मागे घेता येत नाही, म्हणूनच त्यावर एवढे वाद होतात. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला 'स्टार्टर' म्हणतात. हंगामात १६२ सामने असतात आणि खांद्याला विश्रांती मिळावी म्हणून साधारणपणे पाच स्टार्टर आळीपाळीने उतरतात. त्यामुळे 'आज कोण' हा प्रश्न रोज नवा असतो.

पिचरचे काम किती नाजूक आहे, याची कल्पना नववी-दहावीच्या भूमितीतून येते. पिचरची जागा आणि बॅटरसमोरची पाटी यांत साठ फूट सहा इंच, म्हणजे १८.४ मीटर अंतर असते. हे अंतर १८९३ सालापासून कायम आहे. हात पुढे येऊन चेंडू सुटतो, तेव्हा प्रत्यक्षात सुमारे १७ मीटर उरतात. ताशी १५० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर ०.४ सेकंदात कापतो. आता हाताच्या दिशेत फक्त एका अंशाची चूक झाली असे समजा. १७ मीटरला एक अंशाच्या टॅन्जंटने गुणले की जवळजवळ ३० सेंटिमीटर येतात. पाटीची रुंदी ४३ सेंटिमीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंत २२ सेंटिमीटरही नाहीत. मधोमध नेम धरलेला चेंडू एका अंशाने चुकला तर पाटीच्या बाहेर जातो. असे चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला चालत पहिल्या बेसवर जाऊ द्यावे लागते. याला 'वॉक' म्हणतात. सामन्यात शंभर वेळा ही कसरत करणाऱ्या माणसाकडून सातत्याची अपेक्षा असते.

हे सातत्य मोजण्याची पहिली धडपड केली ती क्रिकेटच्या एका वार्ताहराने. हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधील एक्झेटर येथे जन्मला आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर ब्रुकलिनला गेला. वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता त्याला बेसबॉलची गोडी लागली. क्रिकेटच्या धावफलकाचा संस्कार असल्याने त्याने बेसबॉललाही कोष्टक दिले आणि कोणी किती धावा केल्या, कोणी कोणाला बाद केले, याची नोंद होऊ लागली. धाव पिचरमुळे झाली की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हा भेदही त्याच्याच काळात पुढे आला. त्यातून 'अर्जित धाव' ही कल्पना रूढ झाली. क्षेत्ररक्षकाने सोपा झेल सोडला आणि त्यामुळे धाव झाली, तर ती पिचरच्या खात्यावर लिहायची नाही. आपल्या क्रिकेटमध्ये बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या खात्यात जात नाहीत, पण सुटलेल्या झेलाची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागते. या बाबतीत बेसबॉलचा हिशेब अधिक दयाळू आहे.

अर्जित धावांची सरासरी अधिकृत व्हायला मात्र १९१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नॅशनल लीगने आणि पुढच्या वर्षी अमेरिकन लीगने ती स्वीकारली. हिशेब सोपा आहे. पिचरने दिलेल्या अर्जित धावांना ९ ने गुणायचे आणि त्याने टाकलेल्या डावांनी भागायचे. २० डावांत ८ धावा दिल्या तर सरासरी ३.६, म्हणजे हा माणूस पूर्ण सामना टाकेल तर साधारण साडेतीन धावा देईल.

त्यापूर्वी, आणि खरे तर त्यानंतरही पुष्कळ काळ, पिचरची पत मोजली जाई ती त्याच्या नावावरच्या विजयांनी. १८८४ साली प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबर्नने ६७८ डाव टाकून जवळजवळ साठ सामने जिंकले. आज वर्षाला २०० डाव टाकणारे मोजकेच उरले आहेत. पिचर एकटाच सगळे सामने टाकत होता तोवर विजय हे माप चालून जाण्यासारखे होते. पण विजयासाठी आपल्या संघाने धावाही कराव्या लागतात, आणि त्या पिचरच्या हातात नसतात. १९८७ साली ह्यूस्टनच्या नोलन रायनची सरासरी २.७६ होती, लीगमध्ये सर्वांत कमी. सर्वाधिक बॅटरही त्यानेच एकहाती बाद केले. त्याच्या नावावर विजय मात्र ८ आणि पराभव १६! पगार ठरवताना, पुरस्कार देताना आणि अर्थातच घरोघरच्या चर्चांत हे विजय-पराभवाचे आकडे अनेक वर्षे पहिल्या क्रमांकाने वापरले गेले. चुकीचे माप एकदा अंगवळणी पडले की ते टाकून देणे किती अवघड असते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता आपण १९५६ सालच्या ऑक्टोबरमध्ये जाऊ. न्यूयॉर्क यांकीज आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्यात वर्षाखेरची अंतिम मालिका चालू होती. यांकीजच्या डॉन लार्सनला दुसऱ्या सामन्यात सुरुवात करायला दिली. संघाने त्याला सहा धावांची आघाडी मिळवून दिली होती. तरीही दुसऱ्या डावात त्याचा ताबा सुटला. चार वॉक दिल्यानंतर व्यवस्थापक केसी स्टेंगेलने त्याला बाहेर काढले आणि यांकीज तो सामना ८ विरुद्ध १३ असा हरले. लार्सनचा पूर्वेतिहासही भरवशाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी बाल्टिमोरकडून खेळताना त्याने ३ सामने जिंकले होते आणि २१ हरले होते.

येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. त्या दुसऱ्या सामन्यात एका क्षेत्ररक्षकाची चूक झाली होती. त्यामुळे लार्सनच्या नावावरच्या चारही धावा 'अनर्जित' ठरल्या. अर्जित धावांच्या हिशेबाने त्या दिवसाची त्याची सरासरी शून्य! मापाप्रमाणे माणूस निर्दोष होता, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्या दृष्टीने तो पार विसकटला होता.

तीन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, पाचवा सामना होता. लार्सन सकाळी आला तेव्हा त्याच्या बुटात चेंडू ठेवलेला होता. आज तू सुरुवात करायची आहेस, हे कळवण्याची ती त्या संघाची पद्धत होती. ६४,५१९ प्रेक्षकांसमोर त्याने सत्तावीस बॅटर समोर घेतले आणि सत्तावीसच्या सत्तावीस बाद केले. एकही जण पहिल्या बेसपर्यंत पोहोचला नाही. एकूण चेंडू फक्त ९७. बेसबॉलमध्ये याला 'परफेक्ट गेम' म्हणतात आणि अंतिम मालिकेच्या इतिहासात आजतागायत हा एकमेव आहे. शेवटच्या डावांत बाकावर कोणी त्याच्याशी बोलेना, बोलले तर नजर लागेल म्हणून!

चार वॉक देणारा खरा लार्सन की सत्तावीस बाद करणारा? त्या रात्री अमेरिकेतील घराघरांत हाच प्रश्न असणार. संभाव्यतेचा थोडा हिशेब करू. सर्वसाधारण पिचरसमोर बॅटर बाद होण्याची शक्यता ०.६८ धरू. सत्तावीस जण ओळीने बाद होण्याची शक्यता म्हणजे ०.६८ चा सत्ताविसावा घात. लॉगॅरिथम वापरून विद्यार्थ्यांनी तो काढून पाहावा. उत्तर सुमारे ३३ हजारांत एक येते. अमेरिकेच्या मुख्य स्पर्धांत आजवर दोन लाखांहून अधिक सामने झाले आहेत आणि प्रत्येक सामन्यात दोन स्टार्टर असतात, म्हणजे चार लाखांहून अधिक संधी. या हिशेबाने डझनभर परफेक्ट गेम व्हायला हवेत. २०२३ च्या हंगामाअखेर प्रत्यक्षात झाले होते २४.

दुप्पट कसे? कारण सगळे पिचर सारखे नसतात. ०.६८ ऐवजी ०.७५ घेतले तर शक्यता ३३ हजारांत एकवरून सुमारे २४०० त एक होते. म्हणजे मूळ कौशल्यात थोडा फरक पडला की सत्ताविसाव्या घातात तो चौदा-पंधरापट होतो. थोडक्यात, अशा घटनेत कौशल्य आणि योगायोग दोन्ही असतात. लार्सनच्या सामन्यातही योगायोग डोळ्यांना दिसत होता. दुसऱ्या डावात जॅकी रॉबिन्सनचा जोरदार फटका तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला लागून उडाला, तो नेमका शेजारच्याच्या हातात. पाचव्या डावात मिकी मँटलने लांब धावत जाऊन एक झेल घेतला. त्याच डावात एक उंच फटका होमरन होता होता थोडक्यात सीमेबाहेर गेला. लार्सनने स्वतः एकहाती बाद केले ते सातच. बाकी वीस बाद क्षेत्ररक्षकांच्या मदतीने झाले. लार्सन पुढेही बरीच वर्षे खेळला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ८१ विजय आणि ९१ पराभव होते.

योगायोग असा की त्याच १९५६ साली चार्ल्स स्टाइन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा बेसबॉलशी काहीच संबंध नव्हता. तीन किंवा त्याहून अधिक राशींचा अंदाज एकाच वेळी करायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतंत्र सरासरी घेणे ही सर्वोत्तम पद्धत नाही, असे स्टाइनने सिद्ध केले. प्रत्येक सरासरी सर्वांच्या मध्याकडे थोडी ओढून घेतली, तर एकूण चूक कमी होते. १९६१ साली स्टाइन आणि विलार्ड जेम्स यांनी किती ओढायचे याचे सूत्र दिले. निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की त्याला 'स्टाइनचा विरोधाभास' हे नाव पडले.

सर्वसामान्य वाचकाला तो समजला बेसबॉलमुळेच. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७७ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये १८ बॅटरची उदाहरणे घेतली. १९७० च्या हंगामात प्रत्येकाच्या पहिल्या ४५ प्रयत्नांची सरासरी पाहून उरलेल्या हंगामाचा अंदाज करायचा होता. रॉबर्टो क्लेमेंटेने ४५ पैकी १८ वेळा यश मिळवले होते, म्हणजे ०.४००. अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५. सूत्र सांगत होते की मध्यापासूनच्या अंतराचा जेमतेम पाचवा हिस्सा खरा माना. म्हणजे क्लेमेंटेसाठी अंदाज ०.२९४. हंगामाच्या उरलेल्या भागात त्याची सरासरी आली ०.३४६, म्हणजे त्याच्यापुरते दोन्ही अंदाज जवळजवळ सारखेच चुकले. क्लेमेंटे खरोखरच असामान्य होता, त्याला मध्याकडे ओढणे अन्यायाचे झाले. पण अठरा जणांचा हिशेब एकत्र केला तर ओढलेल्या अंदाजांतील वर्गित चूक तिपटीहून कमी भरली. घटक चाचणीतील एका गुणावरून मुलाला 'हुशार' किंवा 'कच्चा' म्हणण्यापूर्वी आठवावे असे हे उदाहरण आहे. क्लेमेंटेसारखा मुलगा वर्गात असू शकतो हेही त्यातच आले.

पिचरच्या बाबतीत याहून मोठा धक्का २००१ साली बसला आणि तो एका हौशी अभ्यासकाने दिला. व्होरोस मॅक्रॅकनने प्रश्न विचारला तो असा. पिचर ज्यांना एकहाती बाद करतो, ज्यांना वॉक देतो आणि ज्यांच्याकडून होमरन खातो, ते सगळे बाजूला ठेवा. उरलेले चेंडू मैदानात जातात. त्यांपैकी किती झेलले जातील आणि किती मोकळ्या जागेत पडतील, यावर पिचरचा ताबा किती? त्याने आकडे तपासले तेव्हा एका वर्षाचे प्रमाण दुसऱ्या वर्षाच्या प्रमाणाविषयी फारसे काही सांगत नव्हते. त्याने दाखवलेल्या उदाहरणांत बॉस्टनचा पेद्रो मार्टिनेझ होता. त्या काळचा तो बहुधा सर्वश्रेष्ठ पिचर. १९९९ साली त्याच्याविरुद्ध मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी मोकळे पडण्याचे प्रमाण लीगमधल्या सर्वाधिकांत होते आणि २००० साली सर्वांत कमींत. माणूस तोच, हातही तोच. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षाला मुरड घातली आणि पिचरचा थोडा ताबा असतो असे दाखवले. पण 'थोडा' हा शब्द टिकून राहिला.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एका डब्यात दहा चिठ्ठ्या घ्याव्यात, तीन लाल आणि सात पांढऱ्या. मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्के मोकळे पडतात, म्हणून तीन लाल. चिठ्ठी काढून, रंग लिहून, परत टाकायची. असे सतरा वेळा केले की एका पिचरचा एक दिवस झाला. लाल चिठ्ठ्यांची अपेक्षित संख्या ५.१. प्रमाण विचलन म्हणजे १७ × ०.३ × ०.७ चे वर्गमूळ, सुमारे १.९. म्हणजे काहीही न बदलता एखाद्या दिवशी तीन लाल येतील आणि एखाद्या दिवशी सात. तीन आले त्या दिवशी लोक म्हणतील, आज हात चांगला चालला आहे. सात आले तर म्हणतील, याचे दिवस संपले. तीस मुलांनी एकेक 'सामना' खेळून फळ्यावर आलेख काढावा. मग आलेख झाकून कोणता 'पिचर' भरवशाचा ते विचारावे. मुले हमखास नावे सांगतात!

आता पेद्रोचीच गोष्ट. २००३ साली आम्ही बॉस्टनजवळ पीएच. डी. करीत होतो. तेथील यंत्रशाळेत एक वयस्क तंत्रज्ञ होते. आमच्या उपकरणाचे निम्मे भाग त्यांच्या हातचे. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर अंतिम मालिका जिंकलेली नव्हती आणि त्यांचे वडील तो विजय पुन्हा न पाहताच गेले होते. १६ ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध निर्णायक सातवा सामना होता आणि पेद्रो सुरुवात करणार होता. दुपारपासून कोणाचे कामात लक्ष नव्हते. आम्ही दोघे-तिघे मराठी विद्यार्थी नुकतेच खेळ समजू लागलेले, त्यामुळे भाबडेपणाने म्हणालो, पेद्रो आहे म्हणजे जिंकलोच. तंत्रज्ञ म्हणाले, "पहिले सात डाव त्याचे आहेत. आठव्याचे मला विचारू नका." शंभर चेंडूंनंतर पेद्रोच्या चेंडूंवर फटके वाढतात हे त्या वर्षी बॉस्टनमध्ये सर्वांना ठाऊक होते. त्याच्या बारीक अंगकाठीकडे पाहून ते पटतही असे.

ते स्वतः कागदावर प्रत्येक चेंडूची रेघ मारीत होते. सातवा डाव संपला तेव्हा शंभर रेघा भरल्या. पेद्रोने आकाशाकडे बोट दाखवून आभार मानले. काम झाले, अशी ती खूण सर्वांनी ओळखली. बॉस्टन ५, यांकीज २. आठव्या डावात पेद्रो पुन्हा मैदानावर येताना दिसला तेव्हा तंत्रज्ञांनी पेन्सिल खाली ठेवली. एक बाद झाला. मग डेरेक जीटरचा फटका, बर्नी विल्यम्सचा फटका, ५ विरुद्ध ३. व्यवस्थापक ग्रेडी लिटल चालत पिचरपाशी गेला, त्याच्याशी बोलला, आणि त्याला तेथेच ठेवून परतला. हिदेकी मात्सुईने पुढचा फटका मारला. त्यानंतर होर्हे पोसादाच्या बॅटला लागून चेंडू हळूच वर उडाला आणि धावत आलेल्या क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडला. दोन धावा झाल्या आणि बरोबरी. तेव्हा कुठे पेद्रो बाहेर आला. त्याने १२३ चेंडू टाकले होते. अकराव्या डावात होमरन बसून बॉस्टन हरले. लिटलची नोकरी त्याच महिन्यात गेली.

दुसऱ्या दिवशी यंत्रशाळेत आम्ही पोसादाच्या चेंडूविषयी बोलू लागलो. तो फटका मुळीच जोरदार नव्हता. दोन-तीन मीटर इकडेतिकडे पडता तर झेल होता. म्हणजे लाल चिठ्ठी निघाली एवढेच, यात लिटलचा दोष किती? मॅक्रॅकनचा युक्तिवाद आम्ही नुकताच वाचला होता आणि नव्या विद्यार्थ्याला असतो तसा उत्साह होता. तंत्रज्ञांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "पोसादा चौथा होता. त्याच्या आधीचे तिघे?" जीटर, विल्यम्स आणि मात्सुई यांचे फटके चांगलेच होते. आम्ही गप्प बसलो. विशेष म्हणजे त्या वेळी बॉस्टनच्या संघाकडे बिल जेम्स सल्लागार होते. कॅन्ससमधील एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करताना बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करून १९७७ पासून स्वतःच पुस्तके छापणारे हेच ते जेम्स. संघाच्या कचेरीत आकडे होते, पण मैदानावर उभ्या असलेल्या माणसाने पेद्रोचा चेहरा वाचला. पुढच्या वर्षी रेड सॉक्स ८६ वर्षांनी जिंकले तेव्हा तंत्रज्ञ निवृत्त झाले होते. त्यांनी आम्हाला फोन करून फक्त चेंडूंचे आकडे सांगितले.

पिचर थकतो की बॅटर शिकतात? हा वेगळा आणि अजून चालू असलेला वाद आहे. एकाच सामन्यात तेच नऊ बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा ते अधिक यशस्वी होतात, हे टॉम टँगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास आकड्यांनी मांडले. तेव्हापासून 'तिसरी फेरी' हा शब्द प्रत्येक व्यवस्थापकाच्या तोंडी आला. २०२३ साली ब्रिल, देशपांडे आणि वायनर यांनी याच प्रश्नाचे पुन्हा विश्लेषण केले (आडनाव वाचून आमचे डोळे साहजिकच थबकले). त्यांच्या मते तिसऱ्या फेरीच्या उंबरठ्यावर अचानक काही घडत नाही. पिचरची कामगिरी सामनाभर हळूहळू उतरत जाते. तसे असेल तर फेऱ्या मोजून पिचर काढण्याला फारसा आधार उरत नाही. कोपराच्या अस्थिबंधाचा प्रश्न तर याहून वेगळा. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या कोपरात दुसऱ्या हातातील स्नायुबंध बसवला आणि तो परत येऊन आणखी १६४ सामने जिंकला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. चेंडू मोजण्यामागे ही भीतीही असते.

तिसऱ्या फेरीचा सर्वांत गाजलेला प्रसंग २७ ऑक्टोबर २०२० चा. अंतिम मालिकेचा सहावा सामना, टँपा बेचा ब्लेक स्नेल डॉजर्सविरुद्ध टाकत होता. त्याने नऊ जणांना एकहाती बाद केले होते, एकही वॉक नव्हता, चेंडू फक्त ७३. सहाव्या डावात एक बाद झाल्यावर दुसराच फटका बसला. आता बॅटर तिसऱ्यांदा समोर येणार होते. व्यवस्थापक केव्हिन कॅश बाहेर आला आणि त्याने चेंडू मागितला. पुढचे तीन बॅटर त्या दिवशी स्नेलसमोर सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा एकहाती बाद झाले होते. टँपा बे १-० ने पुढे होते. नव्या पिचरच्या पहिल्याच बॅटरने, मुकी बेट्सने, फटका मारला आणि काही मिनिटांत डॉजर्स २-१ ने पुढे गेले. सामना आणि मालिकाही त्यांनीच जिंकली.

२००३ मध्ये व्यवस्थापकाने पिचरला ठेवले म्हणून लोक चिडले, २०२० मध्ये काढले म्हणून. कॅशचा निर्णय चूक होता का? सहा चिठ्ठ्या पांढऱ्या निघाल्या म्हणून सातवी पांढरीच निघेल असे नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो. पण त्या दिवशी स्नेलच्या बाबतीत मैदानात चेंडू जाऊन झेल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नऊ जण त्याने कोणाच्या मदतीशिवाय बाद केले होते आणि पिचरच्या ताब्यात सर्वांत जास्त जे असते, ते नेमके हेच. दुसरीकडे, त्याच्या जागी आलेला पिचर मागच्या अनेक सामन्यांत सतत धावा देत आला होता. तुलना थकलेल्या स्नेलची ताज्या स्नेलशी करायची नव्हती, थकलेल्या स्नेलची त्या पिचरशी करायची होती. आमच्या मते कॅशने नियम बरोबर लावला, पण दुसरी बाजू वजन न करताच लावला. मात्र हे आम्ही निकाल कळल्यावर लिहीत आहोत.

स्नेल पुढे २०२३ साली लीगमधील सर्वोत्तम पिचर ठरला. त्याची अर्जित धावांची सरासरी २.२५ ही सर्वांत कमी होती, आणि त्याच वर्षी सर्वाधिक वॉक देणाराही तोच होता, ९९! २०२४ च्या हंगामाची सुरुवात त्याने सॅन फ्रान्सिस्कोकडून केली. पहिल्या सहा सामन्यांत सरासरी नऊच्या वर गेली आणि मधे दुखापतही झाली. मग २ ऑगस्टला सिनसिनाटी येथे त्याने नऊही डाव स्वतः टाकले, ११४ चेंडू, आणि एकाही बॅटरला चांगला फटका मारू दिला नाही. कारकिर्दीत पूर्ण सामना टाकण्याची ती त्याची पहिलीच वेळ होती.